कचऱ्यातून आणि पाण्यातून वीज करायचीय? मग आधी बादली आणि घड्याळ घ्या

पहिलं क्लिअर करतो, पाण्यापासून वीज म्हणजे इंजिनात पाणी ओतणं नव्हे. तसले व्हिडिओ बघून लोक उगाच पैसे घालवतात. 1 किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला 50 युनिटच्या आसपास वीज जाते आणि त्या हायड्रोजनमध्ये असतात फक्त 33 युनिट, इंजिनात जाळल्यावर त्यातलेही निम्म्याहून जास्त गरम होऊन उडून जातात. पाणी उंचावरून खाली येतं तेव्हाच त्यात दम असतो.

म्हणून जवळ बारमाही ओढा असेल तर नशीबवान आहात, पण मोजल्याशिवाय काही घेऊ नका. सगळं पाणी एका पाईपातून 20 लिटरच्या बादलीत सोडा, 4 सेकंदात भरली तर सेकंदाला 5 लिटर. हे माप पाणी सगळ्यात कमी असतं त्या महिन्यात घ्यायचं, पावसाळ्यात घेतलं तर स्वतःलाच फसवाल. उंची मोजायला गवंडी वापरतात तो लेव्हल पाईप पुरतो. मग सेकंदाचे लिटर गुणिले उंचीचे मीटर गुणिले 5, एवढे वॉट हाताला लागतात (खरं गणित 9.8 चं आहे पण निम्मं पाईपात, पाण्यानं फिरणाऱ्या टर्बाईनमध्ये आणि जनरेटरमध्ये जातं). 5 लिटर आणि 10 मीटर म्हणजे 250 वॉट. ऐकायला किरकोळ वाटतं ना, पण ते रात्रंदिवस चालतं, दिवसाला 6 युनिट. लहान डिझेल जनरेटर लिटरला जेमतेम 3 युनिट देतो, म्हणजे रोजचं 2 लिटर डिझेल वाचलं.

जास्त उंची आणि कमी पाणी असेल तर पेल्टन टर्बाईन, मध्यम उंचीला क्रॉसफ्लो. बजेट नसेल तर साधा पाण्याचा पंप उलटा चालवूनही काम होतं. पाईपाच्या तोंडाला जाळी हवीच, आणि ती रोज साफ करायची, पानं अडकली की वीज गुल. आणि डमी लोड, म्हणजे जास्तीची वीज खाणारा भार, विसरू नका! मी विसरलो होतो. एका रात्री सगळे दिवे एकदम बंद केले, लोड गेल्यावर टर्बाईन सुसाट पळालं, व्होल्टेज चढलं आणि चालू राहिलेला एकमेव चार्जर धूर सोडून गेला. आता जास्तीची वीज कंट्रोलर आपोआप पाण्याच्या हीटरला वळवतो.

ओढा नसेल तर कचरा, म्हणजे बंद टाकीत शेण किंवा ओला कचरा सडवून मिळणारा बायोगॅस. इथे शेणाचं गणित आधी ऐकून घ्या: 25 किलो ताज्या शेणाला साधारण 1 घनमीटर गॅस, आणि त्यातून लहान जनरेटरवर दीड युनिट. म्हणजे वरच्या ओढ्याची बरोबरी करायला रोज 100 किलो शेण लागेल. म्हणून हा गॅस संध्याकाळच्या दोन-तीन तासांसाठी साठवून ठेवायचा, दिवसभर जाळत बसायचा नाही. स्वयंपाकघरातला ओला कचरा किलोमागे शेणापेक्षा बराच जास्त गॅस देतो, पण सुरुवात शेण आणि पाणी समसमान कालवूनच करा, गॅस करणारे जिवाणू त्यातच असतात. पहिले दोन-चार आठवडे धीर धरा. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, त्यात हवाही मिसळलेली असते, तो मोकळ्यावर सोडून द्या, काडी लावून बघू नका.

मग कचरा हळूहळू वाढवायचा. मी एका कार्यक्रमाचं उरलेलं सगळं एकदम टाकलं, चौथ्या दिवशी टाकीला आंबूस वास, बर्नरची निळी ज्योत उड्या मारायला लागली आणि विझली. टाकी आंबट झाली होती. दहा दिवस टाकीत कचरा टाकणं बंद केलं, थोडी चुन्याची निवळी घातली, तेव्हा गाडी रुळावर आली. पीएच पेपर जवळ ठेवा, पीएच (आंबटपणाचं माप) 7 च्या आसपास हवा. थंडीत 15 डिग्रीच्या खाली गेलं की गॅस रडतखडत येतो.

इंजिनाआधी गॅस गंजलेल्या लोखंडी किसाच्या डब्यातून न्या, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाईड तिथे अडकतो, नाहीतर तो इंजिन आतून खातो. गॅसच्या पाईपाच्या सगळ्यात खालच्या जागी साचलेलं पाणी काढायचा कॉक ठेवा. स्पार्क प्लगचं इंजिन नुसत्या बायोगॅसवर चालतं, डिझेल इंजिनाला पेट घ्यायला थोडं डिझेल लागतंच. जनरेटर बंद खोलीत नको, आणि टाकी रिकामी दिसली तरी आत उतरायचं नाही, तो गॅस माणूस मारतो. इंजिन ऑईल नेहमीपेक्षा लवकर बदला, माझं काढलं तेव्हा डांबरासारखं काळं होतं.