हॉटेलात काम करताय आणि वजन वाढतंय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

हॉटेल म्हणजे इथे खाण्याचं हॉटेल हं, आपल्याकडे राहायचं ते लॉज आणि जिथे मसाला डोसा मिळतो ते हॉटेल. तर मी पुण्यातल्या एका प्युअर व्हेज हॉटेलात आधी वेटर आणि आता कॅप्टन (म्हणजे ऑर्डर घेणारा, वेटरांवर लक्ष ठेवणारा), मिळून ९ वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांत ११ किलो वाढलो. गावी गेलो तर आई खूश, म्हणे शेटनी पोराला चांगलं खायला घातलं. शेटचा काही संबंध नव्हता, मीच पँट्रीपासून तंदूरपर्यंत जाता येता तोंड चालवत होतो.

लोकांना वाटतं, एवढं चमचमीत समोर असतं म्हणून यांची जीभ सुटते. तसं नाहीये. पनीर बटर मसाल्याच्या वासाचं पंधरा दिवसांत काही वाटेनासं होतं, हलवायाला पेढ्याचं काय कौतुक. खरा लोचा वेळेचा आहे. अख्ख्या गावाच्या जेवायच्या वेळेला आपण वाढत असतो, आणि उपाशीपोटी वाढायला उभं राहिलं की हात जातोच. खालच्या बऱ्याचशा चुका तिथूनच सुरू होतात.

स्टाफचं जेवण चुकवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि नवीन पोरं शंभर टक्के करतात. आमच्याकडे स्टाफचं जेवण लागतं सकाळी साडेदहाला, म्हणजे लंचचं गिऱ्हाईक यायच्या आधी, मग दुपारी साडेतीन-चारला आणि रात्री शटर खाली आल्यावर. आता साडेदहाला कोण जेवतं म्हणून पोरं चहा-खारीवर भागवतात, वर भाजी दुधीची असली की तोंड वाकडं. मग एकला रश चालू होतो, केओटीचा, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा, ढीग लागतो, पावणेदोनला पोटात कावळे ओरडायला लागतात, आणि त्या वेळेला हाताशी काय असतं तर तळलेला पापड, फ्रेंच फ्राइज, मंच्युरियनचे सुटे गोळे, नानचा जळका तुकडा. डाळ-भात त्या वेळेला कुणी हातात देत नाही. चारला बसेपर्यंत भूक मेलेली असते, पोट मात्र भरलेलं नसतं, आणि संध्याकाळी परत तेच.

उपाय अगदी साधा आहे. साडेदहाला पूर्ण जेवण जात नसेल तर अर्धं करा: दोन चपात्या, भाजी आणि वाटीभर डाळ, भात चारला. डाळ घेताना पळी तळाशी घाला, वरचं पिवळं पाणी नको (स्टाफची डाळ कशी असते ते स्टाफलाच माहीत). आणि मिसळ काउंटर असेल तर उकडलेली मोडाची मटकी आधीच वाटीभर काढून ठेवायला सांगा, तर्री पडायच्या आधीची. त्यावर कांदा, लिंबू, मीठ. आमच्या अख्ख्या मेनूत याच्यापेक्षा चांगलं काही नसेल, आणि तीन वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी मात्र मंच्युरियन खात होतो.

"खात नाहीये, चव बघतोय"

हे भटारखान्यातल्यांसाठी. चव बघावीच लागते, कुणी नाही म्हणत नाही. पण एकदा हिशोब करा. छोटा चमचा ५ मिलीचा धरला आणि दोन्ही वेळचं मिळून ४० वेळा चव घेतली तर झाले २०० मिली, म्हणजे मोठी वाटी भरून मखनी ग्रेव्ही पोटात गेली, तीही जेवण म्हणून मोजलीच नाही. त्यात काजू, बटर, क्रीम, आणि एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी असतात, प्रोटीन किंवा कार्बोहायड्रेटमध्ये ४. आमचे जुने वस्ताद (मोठे आचारी) म्हणायचे मी तर दिवसभर काही खातच नाही. खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटायचं.

त्यांचंच पुढे काय झालं सांगतो. डॉक्टरनी शुगरचं सांगितल्यावर त्यांनी पद्धत बदलली: सकाळी रेड, व्हाइट, यलो ग्रेव्हीची पातेली तयार झाली की एकदाच नीट चाखायची, मीठ-तिखट तिथेच सेट करायचं, मीठ अंदाजाने न टाकता काट्यावर मोजून, आणि मग प्लेटगणिक चाखायचं नाही, फक्त नवीन माणसाने बनवलेली किंवा गिऱ्हाइकाने कमी तिखट वगैरे सांगितलेली प्लेट तेवढी बघायची. चमचाही अर्धाच भरायचा. चव एकसारखी यायला लागली, तक्रारी उलट कमी झाल्या. आणि चाखायचा चमचा दर वेळी धुतलेला हवा, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतोच.

कॅन्सल ऑर्डर

चुकीच्या टेबलचा चीज डोसा, गिऱ्हाईक उठून गेलं म्हणून राहिलेली पावभाजी. आपण अन्न टाकू नये हे ऐकत वाढलेली माणसं, त्यामुळे समोर भरलेली प्लेट कचऱ्यात जाताना बघवत नाही, मग उभ्या उभ्या चार घासांत संपवतो. मी आता एकच नियम ठेवलाय, कॅन्सल प्लेट चार जणांत वाटायची, आणि कुणी एकट्याने खाल्ली तर तेच त्याचं चारचं जेवण, वरून परत डाळ-भात नाही. टेबलवरून उष्टी होऊन परत आलेली कुठलीही गोष्ट, अगदी हात न लावलेला दिसणारा पापड असला तरी, खायची नाही. त्यावर कोण शिंकलं, खोकलं काही माहीत नसतं.

चहा मोजा

पँट्रीचा चहा फुकट असतो हा खरा शाप आहे. एका कटिंगमध्ये एकच चमचा साखर धरली तरी ५ ग्रॅम, दिवसाला ८ कटिंग म्हणजे ४० ग्रॅम. डब्ल्यूएचओ म्हणते वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्के, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला साधारण २५ ग्रॅम. आपण नुसत्या चहात ते कधीच ओलांडतो. त्यावर उन्हाळ्यात ३०० मिलीचं कोल्ड्रिंक मारलं की अजून ३० ग्रॅमच्या आसपास.

दुसरं म्हणजे जेवलं की लगेच चहा ही हॉटेलवाल्यांची खास सवय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको असं म्हटलंय, कारण चहातलं टॅनिन जेवणातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. हाउसकीपिंगच्या ताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, दादा मग बसायचं कशाच्या निमित्ताने? बरोबर आहे त्यांचं. चहा हीच सुट्टी असते आपल्याकडे. म्हणून मी चहा बंद करा म्हणत नाही, तीनवर आणा, एक बिनसाखरेचा करून बघा, आणि बसायला ताक घेऊन बसा.

पाण्याचं थोडक्यात: तंदूरपाशी एप्रिल-मे मध्ये माणूस नुसता निथळत असतो, आणि टॉयलेटला जायला वेळ मिळत नाही म्हणून पाणीच कमी पितो. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. दुपारी तीनला होणारी माझी चिडचिड आणि गोड खायची हौस अर्धी तर दोन ग्लास मिठाच्या ताकावर गेली.

रात्री बाराची मेजवानी

दिवसभर दमलेलो, शेट गेलेले, जीरा राइस उरलाय, मखनी उरलीय, तंदूर अजून गरम आहे. ताट असं भरायचं की लग्नातलं वाटावं, आणि पंधरा मिनिटांत वरच्या रूमवर जाऊन आडवं व्हायचं. पहाटे घशाशी आंबट. स्टाफ रूममध्ये अँटासिडच्या गोळ्यांचं पाकीट उशाला नाही असा माणूस मला शोधून दाखवा.

इथे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी असं होतं. त्रास रात्री होतो पण दुरुस्ती संध्याकाळी करायची असते. साडेसहा-सातला डिनरचा रश चालू व्हायच्या आधी तीन-चार इडल्या आणि दोन वाट्या सांबार खाऊन घ्या. साउथ काउंटर असलेल्या हॉटेलात काम करून इडली न खाणारा स्टाफ मी रोज बघतो, रोज दिसते म्हणून तिची किंमत नाही. वाफवलेली, तेल नाही, सांबारात डाळ आणि भाज्या, दहा मिनिटांत उभ्याने खाऊन होते. मग रात्री बाराला ताक-भात किंवा डाळ-भात एवढंच पुरतं, आणि आवराआवर, अंघोळ करून तासाभराने पडायचं.

आणि तो उरलेला भात जपून. दुपारचा भात रात्रीपर्यंत उकाड्यात पातेल्यात तसाच पडलेला असेल तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलटीचं विष परत गरम करूनही जात नाही. फोडणीचा भात करायचाच असेल तर दुपारीच पसरट ट्रेमध्ये काढून गार करा आणि फ्रीजमध्ये टाका.

रात्रीची भजीपण नकोत. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात पोलर कंपाउंडची, म्हणजे तेल परत परत तापवून तयार होणाऱ्या खराब घटकांची, मर्यादा २५ टक्के ठेवलीय, त्यापुढे ते तेल वापरायचं नाही. पण मोजायचं यंत्र कितीशा भटारखान्यांत असतं? दिवसाच्या शेवटी कढई कशी दिसते ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, आपल्याला दिसतं. खायचंच तळलेलं तर सकाळच्या ताज्या तेलातलं खा.

दुसरं टोक

आमचा एक पोरगा जिमला लागला. ओट्स, सलाड, आणि दुपारी चारपर्यंत काहीच खायचं नाही असं काहीतरी मोबाइलवर बघून आला. पाचव्या दिवशी लंचच्या रशमध्ये हातात ट्रे घेऊन चक्कर आली, चार टोमॅटो सूप गिऱ्हाइकांच्या पायाशी. दहा-बारा तास उभ्याने काम करणाऱ्याने ऑफिसवाल्यांचा डाएट उचलू नये. आपल्याला भात-चपाती लागते, फक्त वेळेवर.

"पण आम्ही दिवसभर चालतो की" हेही मला रोज ऐकायला मिळतं. माझा मोबाइल रोज १४-१५ हजार पावलं दाखवायचा आणि तरी ते ११ किलो चढलेच. ग्रेव्ही, फ्राइज आणि दोन कोल्ड्रिंक मिळून ते चालणं सहज गिळून टाकतात.

राहिला प्रश्न, वस्तादनी प्रेमाने दिलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं. नाही म्हणूच नका, राग येतो त्यांना. "वस्ताद, बाजूला ठेवा, चारला जेवताना घेतो" म्हणायचं. चारपर्यंत निम्म्या वेळा दोघंही विसरलेलो असतो.

आणि अगदीच रशमध्ये भूक लागली तर त्यासाठी मी पँट्रीच्या फळीवर स्टीलचा डबा ठेवलाय, फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे, आठवड्याला अर्धा किलो पुरतात. पुरायचे म्हणायला पाहिजे. डब्याला कुलूप लावणार असाल तरच ठेवा, आमच्या चाट काउंटरवाल्यांनी परवा त्यात कांदा, शेव आणि तिखट चटणी घालून सहा जणांत भेळ केली.