रिसीटमधला पी लिहायचा, बोलायचा नाही

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीची पावतीपुस्तकं छापून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रेसला दिली, प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं, मी सिग्नलला उभ्या उभ्या बघितलं आणि अंगठा पाठवून मोकळा. 10 पुस्तकं, एकेकात 100 पावत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर इंग्रजीत रिसीट, तेही चुकलेल्या स्पेलिंगचं. बी विंगमधल्या काकू म्हणजे इंग्रजीच्या रिटायर्ड बाई, त्यांनी पाचशेची नोट हातातच धरून ठेवली, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "अरे, आय आधी आणि ई नंतर? वर्गणी देते, पण आधी हे नीट करून दे." मग तिथेच जिन्यात बसून बॉलपेनने नीट केलं, एकच पावती, बाकीच्या 999 तशाच वाटल्या.

तर स्पेलिंग लक्षात ठेवायचं असेल तर तीन तुकडे करा: आर ई सी, ई आय, पी टी. शेवटचा पीटी म्हणजे शाळेतला पीटीचा तास, तो कोणी विसरत नाही. घोळ होतो मधल्या तुकड्यात. त्याच्यासाठी शाळेत नियम शिकवतात की आय आधी, ई नंतर, पण सी आला की उलटं. नियम बरा आहे पण सायन्स, एन्शंट, स्पीशीज ह्यांनी तो धाब्यावर बसवलाय, त्यामुळे मी म्हणेन नियमाच्या नादी लागू नका, रिसीव्ह हा एक शब्द पक्का करा. रिसीव्ह, डिसीव्ह, सीलिंग सगळीकडे सीनंतर ई मग आय, आणि रिसीट तर रिसीव्हचंच भावंड.

आता पी. उच्चार रिसीट, आपण अर्धे लोक रिसीप्ट म्हणतो ते चूक, पण लिहिताना पी पाहिजेच. हा पी राहतो की गाळतो अशी शंका आली की लग्नाचं रिसेप्शन आठवा. तिथे पी कानाला ऐकू येतो, रिसीटमध्ये तोच पी तोंड बंद करून बसलाय, घराणं एकच.

ते घराणं लॅटिनचं. रेसिपेरे म्हणजे घेणं, स्वीकारणं. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये येताना पी झिजून गेला, नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून शब्द इंग्रजीत आला तेव्हा स्पेलिंगमध्ये पी नव्हताच आणि तोंडातही नव्हता. मग लॅटिन शिकलेल्या विद्वानांना वाटलं की शब्दाचं कूळ दिसायला पाहिजे, म्हणून त्यांनी पी परत आणून बसवला, लोक मात्र बोलायचे तसंच बोलत राहिले. डेटमधला म्हणजे कर्जातला बी आणि डाउटमधला बी हे पण असेच मागाहून घुसवलेले. गंमत म्हणजे डिसीट आणि कन्सीट हे रिसीटचे सख्खे चुलतभाऊ, त्यांना आज पी नाही. म्हणजे शिस्त लावायला निघाले आणि एकाच पोराला लावली!

आपल्याकडचं बघा. पावती आलं पावणे वरून, आणि पावणे संस्कृतच्या प्राप् वरून, म्हणजे मिळणं. प्राकृतात येताना त्यातल्या दुसऱ्या प चा व झाला, तिकडचा पी झिजला तसाच. नवसाला पावणारा गणपती आणि वर्गणीची पावती एकाच धातूची. फरक एवढाच की पावतीत तो प परत कोंबायला कोणी पंडित गेला नाही. अर्थात आपणही फार सोवळे नाही, जुन्या कागदांवर 'नांव' असं लिहिलेलं असतं, तो अनुस्वार नाम मधल्या म ची आठवण, उच्चार शून्य. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले म्हणून आपली सुटका झाली. इंग्रजीला असं महामंडळ नाही, पी भोगा.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. बिल म्हणजे पैसे मागणारा कागद, रिसीट म्हणजे पैसे मिळाल्याचा कागद, त्यामुळे सोसायटीच्या ऑफिसात मेन्टेनन्स भरल्यावर बिल द्या म्हणू नका, रिसीट मागा. भाड्याची वगैरे कच्ची रिसीट लिहून घेत असाल आणि रक्कम 5000 च्या वर असेल तर 1 रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्याच्यावर सही घ्या.

दुसरं म्हणजे रेसिपी. जुन्या इंग्रजीत स्वयंपाकाच्या कृतीलाही रिसीटच म्हणायचे, म्हणून जुन्या पाककृतींच्या पुस्तकात पुडिंगची रिसीट दिसली तर दुकानाचा कागद चिकटलाय असं समजू नका. रेसिपी हा मुळात लॅटिन हुकूम, 'घे'. डॉक्टर चिठ्ठीच्या डोक्यावर आर काढून त्याचा पाय कापतात ना, ते त्याचंच लघुरूप. घे हे औषध, घे एवढं.

यंदाची पुस्तकं परवा प्रेसला टाकली. वर फक्त 'पावती' छापायला सांगितलंय, आणि प्रूफ आधी बी विंगला दाखवणार आहे.