शिक्षकी सोडणारे नेमके कशाला कंटाळतात?

शिक्षकी का सोडली असं विचारलं की पहिलं उत्तर पगाराचं येतं. ते खोटं नसतं, पण अपुरं असतं. पगाराचा आकडा रुजू होतानाच माहीत असतो. कामाच्या तासांचा कुणी सांगत नाही. युनेस्कोच्या आकडेवारीत प्राथमिक शिक्षकांनी पेशा सोडण्याचं जागतिक प्रमाण २०१५ मध्ये ४.६ टक्के होतं, ते २०२२ पर्यंत ९ टक्क्यांवर गेलं.

वह्यांचाच हिशेब मांडा. पाच तुकड्या, प्रत्येकी ४० मुलं, म्हणजे २०० वह्या. एका वहीला तीनच मिनिटं दिली तरी १० तास. वेळापत्रकात आठवड्याला ४० मिनिटांचे सहा ऑफ, म्हणजे शिकवायचं नसलेले, तास असले, तर त्यांचे होतात चार तास. उरलेले सहा घरी. तेही कुणी रजेवर गेलं नाही आणि बदली तास गळ्यात पडला नाही तर!

म्हणून नोकरी स्वीकारण्याआधी 'किती तासिका?' एवढंच विचारून थांबू नका. वेगवेगळ्या तयाऱ्या किती, हे विचारा. एकाच इयत्तेच्या चार तुकड्यांना एकच विषय शिकवणं आणि चार इयत्तांना दोन विषय शिकवणं यांत तासिका सारख्या दिसतील, पण दुसऱ्यात पाठटाचणं, म्हणजे तासाआधीची लेखी तयारी, चौपट होतात. जुने शिक्षक आपले वर्ग आधीच ठरवून बसलेले असतात, त्यामुळे उरलेले तुकडे जोडून बहुतेकदा नवख्याचं वेळापत्रक तयार होतं. वर्गशिक्षकपद, स्नेहसंमेलन, ऑनलाइन माहिती भरणं हेही त्याच्याच वाट्याला येतं. पहिल्या वर्षी यातलं एकच घ्यावं.

तपासणीत नवे लोक हमखास फसतात ते सगळ्या चुका लाल करण्यात. मूल शेवटचा शेरा पाहतं आणि पान उलटतं. या वेळी फक्त परिच्छेदांची मांडणी किंवा फक्त गणितातल्या पायऱ्या पाहणार, असं आधी सांगा आणि तेवढंच तपासा. सगळ्या तुकड्यांच्या वह्या एकाच आठवड्यात मागवू नका.

दुसरं मोठं कारण म्हणजे पाठबळ नसणं. वर्गात वारंवार गोंधळ घालणाऱ्या मुलाला कार्यालयात पाठवलं आणि दहा मिनिटांनी ते हसत परत आलं, की बाकीच्या ३९ जणांना शिक्षकाची पत कळते. अशा वेळी मध्ये कोण पडतं, पालकांशी कोण बोलतं, हे मुलाखतीतच विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तेच उत्तर समजा.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी कामातून येणाऱ्या उबगाची तीन अंगं सांगितली: थकवा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. थकवा सगळ्यांना दिसतो. कोरडेपणा मात्र शिक्षक खोलीतल्या बोलण्यात लपतो. मुलांची नावं जाऊन 'तो वर्ग', 'ती कार्टी' एवढंच उरलं, की सावध व्हावं. सुट्टीनं थकवा बराचसा जातो, कोरडेपणा जाईलच असं नाही.

तरीही सोडायचं ठरलंच, तर आधी इयत्ता किंवा शाळा बदलून भागतं का ते पाहा. कित्येकांना मुळात पेशा नको नसतो, ती शाळा नको असते. राजीनामा शक्यतो सत्र संपताना द्या, गुणपत्रकं आणि हजेरी लेखी सोपवून पोच घ्या, आणि अनुभवाचा दाखला कार्यमुक्त होण्याआधीच हातात पडेल असं बघा. नंतर तो मिळवायला खेटे घालावे लागतात.