पेठेतली एक आळी आणि छायाचित्रांची झीन: आखणीपासून छपाईपर्यंत

पुण्याच्या पेठांवर छायाचित्रांची पुस्तिका काढायची म्हटली की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो तो दिंडी दरवाजा, त्याची पितळी कडी आणि भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल. अशी छायाचित्रे देखणी असतात. परंतु तो वाडा कोणत्या आळीतला, छायाचित्र कोणत्या वर्षीचे आणि दाराच्या डाव्या-उजव्या हाताला तेव्हा काय उभे होते, यांपैकी काहीही त्यांवरून कळत नाही. झीन म्हणजे स्वतः छायाचित्रे काढून, स्वतः मांडणी करून, मोजक्या प्रती छापून हातोहात दिलेली पातळ पुस्तिका. बदलत्या शहरावरच्या झीनचे बळ देखण्या चौकटींपेक्षा ठिकाण, तारीख आणि शेजार यांच्या नोंदीत असते, हे आधीच मनाशी पक्के केले तर पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात. येथे कसबा पेठ समोर ठेवून लिहिले आहे. हीच पद्धत कोणत्याही जुन्या गावठाणाला थोड्या फरकाने लागू पडते.

हद्द आखणे

‘बदलते पुणे’ हा विषय बत्तीस पानांत मावत नाही. एक आळी, तिचे एक टोक आणि दुसरे टोक, एवढीच हद्द घ्यावी. कसबा ही पुण्यातली सर्वांत जुनी पेठ मानली जाते. तिच्यात तांबट आळी आहे, जिथे तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके घालण्याचे काम, करणारे कारागीर अजून आहेत, कुंभारवाडा आहे, शिवाय पेठांच्या खालून जाणारा मेट्रोचा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाल्यापासून याच पेठेच्या नावाचे स्थानकही आहे. या तिन्ही गोष्टी एकाच पुस्तिकेत घालण्याचा मोह होतो आणि तो आवरावा. तांबट आळी घेतली तर तांबट आळीच. स्थानक त्यात आले तर आळीच्या तोंडाशी जेवढे दिसते तेवढेच यावे.

हद्द ठरली की वही घेऊन आळीतून एकदा चालत जावे आणि दोन्ही बाजूंच्या मिळकतींचा साधा आराखडा काढावा: कुठे वाडा, कुठे खाली पार्किंग असलेली नवी इमारत, कुठे पत्रे लावून बंद केलेली मोकळी जागा. हा हाताने काढलेला आराखडा पुढे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापण्यासारखा असतो, आणि कोणते छायाचित्र काढायचे राहिले तेही त्यावरूनच कळते.

आधीचे रूप शोधणे

गूगलचे स्ट्रीट व्ह्यू भारतातल्या दहा शहरांत जुलै २०२२ मध्ये सुरू झाले आणि त्यांत पुणे होते. त्यामुळे रुंद रस्त्यांवरच्या अनेक इमारतींचे काही वर्षांपूर्वीचे रूप घरबसल्या पाहता येते; अरुंद बोळांत मात्र त्याची गाडी गेलेली नसते. गूगल अर्थमधील जुनी उपग्रहचित्रे छपरांसाठी उपयोगी पडतात. वाड्याचा मधला चौक वरून काळ्या चौकोनासारखा दिसतो आणि तो कोणत्या वर्षी नाहीसा झाला, हे वर्षे मागेपुढे करून शोधता येते. जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक ठाऊक असल्यास मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) ऑनलाइन मिळते. तिचा उपयोग जागेची हद्द आणि क्षेत्र समजून घेण्यापुरता करावा. मालकांची नावे पुस्तिकेत छापू नयेत, कारण पेठांतल्या कितीतरी मिळकतींवर भाऊबंदकीचे किंवा मालक-भाडेकरूंचे वाद चालू असतात आणि छापलेले नाव भलत्याच ठिकाणी दाखवले जाऊ शकते. नव्या इमारतीची माहिती महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर पाहावी. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला तिथे नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे पेठेतल्या लहान जागांवरची बरीच बांधकामे तिथे सापडणार नाहीत.

जुनी छायाचित्रे मिळण्याची खरी जागा म्हणजे रहिवाशांचे अल्बम. मुंज, बारसे, गणपतीची मिरवणूक अशा प्रसंगांच्या छायाचित्रांत माणसांच्या मागे ओटा, जिना, गल्लीचे वळण अलगद सापडते. नदीकाठच्या भागात १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात असे कागद वाहून गेलेले असू शकतात, हे लक्षात ठेवून विचारावे. अल्बम घरी मागून नेण्यापेक्षा तिथेच खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, छायाचित्राला समांतर कॅमेरा धरून प्रत घ्यावी आणि छापण्याची परवानगी दोन ओळींत लिहून घ्यावी. छायाचित्राचा कॉपीराइट भारतीय कायद्यानुसार २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो; त्याआधी तो प्रकाशनाच्या वर्षावरून मोजला जात असे. म्हणून जुन्या मासिकातले किंवा दिवाळी अंकातले चित्र उचलण्याआधी छायाचित्रकार कोण आणि साल कोणते, ते तपासावे. रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचे छायाचित्र काढून छापल्याने वास्तुरचनेच्या कॉपीराइटचा भंग होत नाही, ही बाब मात्र आपल्या सोयीची आहे.

छायाचित्रण

आळी अरुंद असते, मागे सरकायला जागा नसते, आणि मोबाइल वर उचलून इमारत चौकटीत बसवायला गेले की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. एखाद्या चित्रात ते खपते, पण बत्तीस पानांत प्रत्येक इमारत मागे कललेली दिसली की डोळा थकतो. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून, अर्थात विचारून, छायाचित्र काढणे. ते शक्य नसल्यास कॅमेरा सरळ उभा धरून खालचा रस्ता जास्त येऊ द्यावा आणि नंतर तो भाग कापावा. मोबाइलची अतिरुंद लेन्स टाळावी, कारण कडेचे दरवाजे ताणले जातात आणि तीन मजली इमारत पाच मजली भासते. संपूर्ण आळी एकाच लेन्सने आणि शक्यतो एकाच उंचीवरून टिपली, तर पाने उलटताना वाचकाला घरे आपसांत ताडून पाहता येतात.

प्रकाशासाठी ढगाळ दिवस उत्तम. उन्हात आळीची एक बाजू पांढरी आणि दुसरी काळी पडते, आणि ती काळी बाजू छपाईत आणखी काळी होते. पावसाळ्याचे आणखी एक कारण आहे: मातीच्या आणि कच्च्या विटांच्या जुन्या भिंती याच दिवसांत खचतात, महापालिकेच्या धोकादायक इमारतीच्या नोटिसा याच सुमारास दारांवर लागतात आणि पडझडही याच काळात होते. टेकू लावलेल्या किंवा अर्धवट पाडलेल्या वाड्यात शिरून छायाचित्रे काढू नयेत. जे रस्त्यावरून दिसते ते पुरेसे असते.

आणि अर्धवट अवस्थेत फार काही दिसते. एक वाडा उतरवला की त्याच्या शेजारच्या घराची भिंत काही महिन्यांपुरती उघडी पडते. त्या भिंतीवर गेलेल्या वाड्याचा उभा छेद उमटलेला असतो: जिन्याच्या पायऱ्यांची तिरकी रेघ, तुळया बसवलेली चौकोनी भोके, निळ घातलेल्या चुन्याचा एक पट्टा आणि त्याच्या वर गुलाबी डिस्टेंपरचा दुसरा, काजळी धरलेला कोनाडा, कॅलेंडरचा खिळा आणि त्याभोवती कॅलेंडरच्याच आकाराचा जरा उजळ राहिलेला आयत. खोल्या किती उंच होत्या, स्वयंपाकघर कुठे होते, कोणत्या पिढीने कोणता रंग दिला, हे तिथे वाचता येते. नवी इमारत वर आली की ते कायमचे झाकले जाते. जुना वाडा आणि नवी इमारत यांची जोडी कोणीही लावतो. माझ्या मते या मधल्या अवस्थेलाच पुस्तिकेत सर्वाधिक पाने द्यावीत. ही भिंत समोरून, सपाट, कडा चौकटीला समांतर ठेवून टिपावी आणि मग एखाद्याच कोनाड्याचे जवळून वेगळे छायाचित्र घ्यावे.

जुन्या छायाचित्राच्या जागी उभे राहून नवे काढायचे असेल, तर दोन स्थिर खुणा निवडाव्यात, एक जवळची आणि एक लांबची, उदाहरणार्थ देवळाचा कोपरा आणि त्याच्या मागचा कळस. जुन्या चित्रात त्या दोहोंमध्ये जेवढे अंतर दिसते तेवढेच दिसेपर्यंत डावीकडे-उजवीकडे सरकावे. झूम करून ही जुळणी होत नाही. उभे राहण्याची जागाच बदलावी लागते.

कारागीर, दुकानदार किंवा ओट्यावर बसलेल्या आजी चौकटीत येणार असतील तर आधी बोलावे. घरी परतल्यावर त्याच रात्री फाइलींना तारीख, आळी, बाजू आणि घराचा क्रम अशा पद्धतीने नावे द्यावीत. हे काम पुढच्या रविवारवर ढकलले की ते कायमचे राहते.

क्रम लावणे

छायाचित्रांच्या लहान स्वस्त प्रती काढून जमिनीवर पसराव्यात. पडद्यावर क्रम नीट लागत नाही, कारण तिथे सगळी चित्रे एका नजरेत दिसत नाहीत. क्रम आळीच्या दिशेने ठेवणे सर्वांत सोपे आणि बहुधा सर्वांत चांगले: डाव्या पानावर डावी बाजू, उजव्या पानावर उजवी बाजू, आणि पाने उलटत वाचक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. मध्येच एखादे पान कोरे सोडले तर तिथे सध्या पत्रे मारलेली जागा आहे, हे न सांगताही कळू शकते. पण ही युक्ती एकदाच करावी. एकाच वाड्याची तीन छायाचित्रे आवडली असतील तर दोन काढून टाकावीत.

मजकूर

प्रत्येक चित्राखाली ठिकाण आणि तारीख, आणि एका ओळीत काय बदलले ते. राहत्या घराचा नेमका क्रमांक देऊ नये. ‘देवळापासून तिसरे घर’ एवढे पुरते. ‘हरवत चाललेला वारसा’ छापाची वाक्ये टाळावीत, कारण सामाईक संडासाच्या रांगेतून सुटून नव्या सदनिकेत राहायला गेलेल्या कुटुंबाला ते हरवणे वाटत नसते, आणि त्यांचेही म्हणणे पुस्तिकेत आले पाहिजे. अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करावी. मुक्ता किंवा बलू हे मुक्त परवान्याचे टंक सहज मिळतात. मात्रा आणि उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून देवनागरी ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. पानांच्या मांडणीसाठी इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असल्यास वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा, नाहीतर जोडाक्षरे फुटतात. पीडीएफ तयार झाल्यावर वेलांट्या आणि रफार पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावेत.

छपाई आणि बांधणी

ए-फाइव्ह आकार, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, सोयीचा, कारण ए-फोर कागद मधोमध दुमडला की तो मिळतो. मध्ये पिना मारलेल्या पुस्तिकेची पाने नेहमी चारच्या पटीत असतात. आतली ३२ पाने म्हणजे आठ ए-फोर कागद. डिजिटल प्रेसच्या १३ बाय १९ इंची शीटवर असे दोन कागद शेजारी बसतात, म्हणजे एका प्रतीला दोन्ही बाजूंनी छापलेल्या चार शीट आणि मुखपृष्ठाला अर्धी. प्रेसमध्ये भाव विचारताना असा हिशेब सांगितला की उत्तरही नेमके मिळते. मोजक्या प्रतींना डिजिटलच परवडते. ऑफसेटला प्लेटचा खर्च आधीच पडतो, म्हणून प्रती शेकड्यांत गेल्यावरच तिचा विचार करावा.

चित्र कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा द्यावे, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी रेघ राहते. १२ मेगापिक्सेलचे न कापलेले छायाचित्र, म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) जोडपानालाही, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्रालाही, पुरते. मात्र खरे अखंड जोडपान पुस्तिकेत एकच असते, ते म्हणजे अगदी मधले, १६ आणि १७. बाकी ठिकाणी डावा आणि उजवा भाग वेगवेगळ्या कागदांवर छापला जातो आणि एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतो. आळीचे लांबलचक चित्र म्हणून मधल्या पानांवरच घ्यावे, आणि इतरत्र दरवाजा किंवा चेहरा घडीवर येऊ देऊ नये.

पाने छपाईच्या क्रमाने लावणे प्रेसवर सोपवता येते, पण स्वतः तपासायचे असल्यास खूण सोपी आहे: ३२ पानी पुस्तिकेत कागदाच्या कोणत्याही एका बाजूवरील दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज ३३ आली पाहिजे. त्याआधी साध्या कागदाची डमी दुमडून, पानांवर क्रमांक लिहून ती प्रेसमध्ये सोबत न्यावी. कागद एकात एक बसले की आतली पाने बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये जास्त कापली जातात, म्हणून पृष्ठक्रमांक कडेपासून किमान १० मिलिमीटर आत ठेवावेत.

आतल्या पानांना १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचे दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला साधा छपाईचा कागद, किंवा १३० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर चालतो. मॅपलिथो शाई शोषतो, त्यामुळे सावल्या बुजतात. चित्रे पडद्यावर जरा फिकी वाटतील एवढी उजळ करून द्यावीत आणि दोन सर्वांत काळोख्या चित्रांचा नमुना आधी छापून घ्यावा. कृष्णधवल चित्रे चार रंगांत छापली की हिरवट किंवा तांबूस झाक येऊ शकते, म्हणून ती ग्रेस्केलमध्ये बदलून फक्त काळ्या शाईत छापायला सांगावे. ते स्वस्तही पडते. मुखपृष्ठाला २५० जीएसएमचे आर्ट कार्ड घेतले तर दुमडण्याआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, करून घ्यावे. गडद मुखपृष्ठ असेल तर कण्यावर शाई तडकून पांढरे दिसते, तेव्हा तिथे फिका रंग ठेवणे शहाणपणाचे.

पिना स्वतः मारायच्या असल्यास लांब हाताचा स्टेपलर लागतो. वरून आणि खालून साधारण ५ सेंटिमीटरवर दोन पिना घ्याव्यात आणि कटिंग त्यानंतर करून घ्यावे, आधी नाही.

वाटप

पहिल्या प्रती ज्यांच्या घरांची चित्रे आहेत त्यांना, आणि अल्बम दाखवणाऱ्यांना. काही प्रती पुणे नगर वाचन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ अशा जुन्या संस्थांना देऊ कराव्यात. किंमत ठेवायची तर छपाई, बांधणी आणि भेट दिलेल्या प्रती असा सगळा खर्च विकायच्या प्रतींवर भागून ठेवावी. शेवटच्या पानावर छायाचित्रांचा काळ, छपाईचा महिना आणि वर्ष, प्रतींची संख्या आणि संपर्काचा ईमेल छापावा, म्हणजे आळीतले कोणी चूक दाखवली तर पुढच्या छपाईत ती दुरुस्त करता येते. न छापलेली छायाचित्रेही नावे आणि तारखांसह दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावीत.