शाळेत डिझाइन थिंकिंग फसतं कुठे? या चुका टाळा

डिझाइन थिंकिंग म्हणजे वापरणाऱ्यांची अडचण आधी समजून घेऊन, मग उपाय करून पाहत शोधायची पद्धत. समजून घेणं, प्रश्न मांडणं, कल्पना, नमुना (उपायाचं कच्चं रूप), चाचणी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन संस्थेमुळे जगभर पोचलेल्या या पाच पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावायला काही लागत नाही. शाळांची गाडी बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांवरच अडते, आणि ते कळतं चिठ्ठ्यांचा रंगीत ढीग झाल्यावर.

प्रश्नाच्या पोटात उत्तर

समजा, मधल्या सुट्टीनंतर मुलं वर्गात उशिरा येतात. शिक्षक म्हणतात शिस्त नाही, पालक म्हणतात नळ वाढवा. दोघांनीही उत्तर आधीच ठरवलंय. अशा वेळी तीन दिवस नळापाशी उभं राहून नुसतं मोजा: किती मुलं आली, एकेकाला किती सेकंद लागले, कोणत्या नळाकडे कोणी फिरकतच नाही. हात धुवायला 10 सेकंद आणि बाटली भरायला 40, असं दिसलं तर खोळंबा बाटल्यांमुळे होतोय. मग प्रश्न असा लिहिता येतो: ‘हात धुणाऱ्यांना बाटली भरणाऱ्यांच्या मागे ताटकळावं लागू नये, यासाठी काय करता येईल?’

एक साधी कसोटी आहे. लिहिलेल्या प्रश्नाला निदान तीन वेगवेगळी उत्तरं सुचत नसतील, तर तो पुन्हा लिहायचा.

मुलाखतीत फक्त ‘सगळं छान आहे’

मुख्याध्यापक खोलीत बसले असतील तर दुसरं काय ऐकायला मिळणार! शिवाय ‘काही अडचण आहे का?’ असं विचारलं की मान डोलते आणि विषय संपतो. त्याऐवजी म्हणा, ‘काल घंटा झाल्यापासून काय काय केलंस, क्रमाने सांग.’ एकाने विचारायचं, दुसऱ्याने शब्द जसेच्या तसे टिपायचे. 15-20 मिनिटं पुरतात. आठ-दहा जणांशी बोला, पण सगळे वर्गप्रमुख नकोत. रोज उशीर होणारा मुलगा, गप्प राहणारी मुलगी आणि शिपाई यात हवेतच. नळ कधी आटतो हे शिपायाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. छापील प्रश्नावलीवर भागवू नका. जे विचारायचं तुम्हाला सुचलंच नाही, ते तिच्यात कुठून येणार?

कल्पना एकाच साच्यातल्या

‘उदाहरणार्थ’ म्हणून सरांनी पहिली कल्पना सांगितली की पुढच्या सगळ्या तिच्याच बहिणी. 4 ते 6 जणांचा गट करा, पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, एका चिठ्ठीवर एकच कल्पना, मग वाचन. निवडताना प्रत्येकाला आवडलेल्या चिठ्ठ्यांवर लावायला तीन ठिपके द्या; मोठ्यांनी आपले ठिपके शेवटी लावावेत.

नमुना फारच देखणा

रंगवलेल्या फलकाला कुणी नावं ठेवत नाही, कारण त्यामागची मेहनत दिसते. म्हणून पुठ्ठा आणि खडू बरे. टोकाच्या एका नळावर बाटलीचं चित्र लावा (नुसते शब्द नकोत, धाकट्यांना वाचता येत नाही) आणि जमिनीवर दोन रांगा आखा. पाच दिवस चालवा. घंटेनंतर पाच मिनिटांनी किती मुलं वर्गाबाहेर आहेत, हे आधीच्या आठवड्यातही मोजलेलं हवं, नाहीतर तुलना कशाशी करणार? कितीपेक्षा जास्त मुलं बाहेर राहिली तर नमुना फसला म्हणायचं, तो आकडाही आधीच लिहून ठेवा. नंतर सगळ्यांनाच यश दिसू लागतं. पहिले दोन दिवस नवलाईचे असतात, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवसाचा आकडा धरा.

चाचणीच्या वेळी समजावून सांगायला उभे राहू नका. सांगितल्याशिवाय रांग लागत नसेल तर खूण बदला.

पुठ्ठा भिजला, उपक्रम संपला

चाचणी जमली तरी महिन्याभरात चित्र गळून पडतं आणि ते कोणी लावायचं हे ठरलेलं नसतं. पक्की पाटी लावण्याआधी ती जबाबदारी एखाद्या वर्गाच्या पाळीत घाला. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना दोन आठवड्यांच्या आत काय ठरलं ते सांगा, त्यांची सूचना वगळली असेल तर कारणासकट. नाहीतर पुढच्या खेपेला तीच मुलं पुन्हा ‘सगळं छान आहे’ म्हणतील.