आधी हॉल मोजा, मग सबवूफर घ्या

सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणारा स्पीकर, घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. खरं तर तो तिसरा-चौथा प्रश्न असायला हवा. पहिला प्रश्न तुमच्या हॉलचा: लांबी-रुंदी-उंची किती, आणि हॉल स्वयंपाकघराला उघडाच आहे की मध्ये दार आहे? सांगली-साताऱ्याकडची बहुतेक घरं विटांची, वर स्लॅब, खाली फरशी. अशा भिंतींतून खालचा बेस फारसा बाहेर जात नाही, आतल्या आत फिरत राहतो. परदेशी व्हिडिओत पातळ जिप्सम बोर्डाच्या भिंतींच्या घरात जो सबवूफर नेटका वाजतो, तोच आपल्या हॉलमध्ये घुमू शकतो. चूक सबवूफरची नसते.

टेप घ्या आणि एक छोटा हिशेब करा. ५६५ ला हॉलच्या लांबीच्या फुटांनी भागा. येणारा आकडा म्हणजे ज्या हर्ट्झला (सेकंदाला किती कंपनं ते) तुमची खोली स्वतःहून आवाज उचलते तो सूर. १० फुटांना साधारण ५६ हर्ट्झ, १२ फुटांना ४७, १५ फुटांना ३८. रुंदी आणि उंचीलाही हेच लागू. म्हणून १० बाय १० चा, १० फूट उंचीचा हॉल सबवूफरसाठी सगळ्यात अवघड: तिन्ही बाजू एकाच ५६ हर्ट्झला जोर देतात आणि प्रत्येक गाण्यात तोच एक ‘धूम’ ऐकू येतो. १० बाय १४ किंवा १२ बाय १८ असेल तर जोर वाटला जातो, काम सोपं होतं.

बसायच्या जागेचाही इथेच निकाल लागतो. या सुरांचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत कमी असतो. सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असेल तर बेस फुगलेला ऐकू येईल, बरोबर मध्यभागी असेल तर एखादा सूर गायबच होईल. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढला तरी फरक कळतो.

आता आकार. लांबी, रुंदी, उंची गुणून घनफूट काढा. हॉल स्वयंपाकघराला उघडा असेल तर दोन्ही मिळून धरा. १० बाय १२ चा, १० फूट उंचीचा बंद हॉल १,२०० घनफुटांचा झाला, त्याला १० इंची सबवूफर पुरतो (इंच म्हणजे समोरच्या हलणाऱ्या पडद्याचा व्यास). २,००० च्या पुढे गेलात तर १२ इंची बघा. ८ इंची फक्त लहान बेडरूमला आणि मुख्यतः गाण्यांसाठी. पडद्याचं क्षेत्रफळ इंचांच्या वर्गाने वाढतं: ८, १० आणि १२ इंचांचं प्रमाण ६४, १०० आणि १४४ असं पडतं. आणि ४० हर्ट्झला जेवढा आवाज मिळतो तेवढाच २० हर्ट्झला हवा असेल तर पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. छोट्या डब्यातून खोल बेस का निघत नाही याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

बॉक्सवरचे आकडे वाचताना सावध राहा. ‘पीएमपीओ’ लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या, त्याला काही अर्थ नाही. ‘पीक’, म्हणजे क्षणभराची ताकद, कंटिन्युअसच्या, म्हणजे सतत मिळणाऱ्या (आरएमएस) ताकदीच्या, साधारण दुप्पट छापतात. पोल्कच्या पीएसडब्ल्यू१० वर १०० वॅट दिसतात, कंटिन्युअस ५० आहेत. क्लिप्शच्या आर-१००एसडब्ल्यूवर ३०० दिसतात, कंटिन्युअस १५०. तुलना करायची तर आरएमएसची आरएमएसशीच करा. वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणून ८० आणि १०० वॅटमध्ये घासाघीस करण्यात काही हशील नाही.

त्याहून कामाचा आकडा म्हणजे किती खाली जातो. पण नुसतं ‘२५ ते १५० हर्ट्झ’ पुरत नाही. त्यापुढे ‘±३ डेसिबल’ लिहिलंय का ते बघा, म्हणजे त्या पट्ट्यात आवाज ३ डेसिबलपेक्षा जास्त वर-खाली होत नाही. उणे १० डेसिबलला मोजलेला २५ हर्ट्झ कानाला जेमतेम लागतो. ±३ ला ३२-३५ हर्ट्झ प्रामाणिकपणे देणारा सबवूफर हा कमी बजेटमधला चांगला माल आहे. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा सूर ४१ हर्ट्झचा असतो, म्हणजे गाणी पूर्ण आली. मिरवणुकीतल्या डीजेचा छातीत बसणारा दणकाही साधारण ५० ते १०० हर्ट्झचाच असतो. तो म्हणजे खोल बेस नव्हे. सिनेमातले भूकंप-स्फोट मात्र ३० च्याही खाली जातात. त्यासाठी पैसे खरंच जास्त लागतात.

बॉक्स दोन तऱ्हेचे: पूर्ण बंद, आणि भोक म्हणजे पोर्ट असलेला. त्याच किमतीत पोर्टवाला मोठा वाजतो आणि सिनेमाला मजा आणतो, पण पोर्ट ज्या सुराला बसवलाय त्याच्या खाली आवाज धाडकन पडतो, दर सप्तकाला २४ डेसिबलने. बंद बॉक्सचा उतार निम्मा, १२ डेसिबलचा असतो, आणि छोट्या बंद खोलीत खोलीच ती घट बरीचशी भरून काढते. गाणी जास्त ऐकणाऱ्या घराने बंद बॉक्स मिळाला तर तोच घ्यावा. या बजेटमध्ये बहुतेक वेळा पोर्टवालेच मिळतात. तसा घेतलात आणि घुमायला लागला तर पोर्टमध्ये स्पंजची गुंडाळी घट्ट बसवून बघा. आवाज कमी होतो पण बेस आवरला जातो. स्पंज असताना व्हॉल्यूम ताणू नका, पडद्यावर ताण येतो. पोर्टमधून ‘फुस्स’ असा हवेचा आवाज येत असेल तर तो सबवूफर त्याच्या ताकदीबाहेर चालला आहे.

काय घेऊ नये तेही सांगतो. होम थिएटरच्या सेटमधून सुटा काढलेला सबवूफर बहुतेक पॅसिव्ह असतो. त्यात अँप्लिफायर नसतो, एव्हीआरच्या (होम थिएटरचे सगळे स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरच्या) ‘सब आउट’ला जोडला तर चालणारच नाही. साउंडबारचा वायरलेस सबवूफर त्याच साउंडबारशी बोलतो, दुसऱ्या कशाशी नाही. आणि गाडीतला १२ इंची बॉक्स घरात आणला तर १२ व्होल्टचा अँप आणि जड पॉवर सप्लाय यांतच बचत संपते.

किमतीचं म्हणाल तर ब्रँडचा नवा १० इंची अ‍ॅक्टिव्ह (आत अँप्लिफायर असलेला) सबवूफर साधारण २० ते ३५ हजारांत येतो, १२ इंची बहुतेक त्याच्या वर. पूर्ण सेटच्या बजेटचा पाव ते एक तृतीयांश भाग सबवूफरला द्या, त्याहून जास्त नको. गाण्यातले शब्द स्पीकरमधूनच येतात. सर्व्हिस कोल्हापूर-पुण्यात आहे का ते घेण्याआधी विचारा, आणि खोका-थर्माकोल टाकू नका. १५ किलोचा डबा नुसत्या पोत्यात गुंडाळून दुरुस्तीला पाठवला तर कोपरे फुटून येतो.

सेकंडहँड घेणार असाल तर सांगलीत एक तपासणी चुकवू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी कितीतरी घरांत आणि दुकानांत शिरलं होतं. सबवूफरचा बॉक्स एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा असतो आणि एमडीएफ एकदा पाण्यात राहिला की फुगतो. डबा उलटा करा, खालच्या कडांवरून बोट फिरवा. कड जाड लागली, व्हिनिअर सुटलेलं दिसलं, स्क्रूंवर गंज असला तर कितीही स्वस्त असो, नको. मग पडद्याच्या कडेची रिंग बघा. फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत चुरा होते, रबराची टिकते. बंद असताना पडदा दोन्ही बाजूंनी बोटांनी हलके, सरळ आत दाबा. आत खरखर लागली तर कॉइल घासतेय.

ऐकून घ्यायचं झालं तर दुकानदाराच्या सिनेमाच्या क्लिपवर निर्णय देऊ नका. पेनड्राइव्हवर स्वतःचं न्या, आणि त्यात तानपुरा असू द्या. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची असते. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरकडे आणि वरचा स्पीकरकडे जातो तो टप्पा, ८० वर असेल तर जोडीच्या तारा स्पीकरमधून आणि खर्जाचा मूळ सूर बराचसा सबवूफरमधून येतो. मिरजेत तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला जोड लगेच कळते: चारही तारा एकाच भोपळ्यातून आल्यासारख्या वाटल्या पाहिजेत. खर्ज वेगळा कोपऱ्यातून आला, किंवा पुढची तार छेडली तरी मागचा खर्ज फुगून रेंगाळत राहिला, तर जुळणी बिघडलीय. दुसरी परीक्षा डग्ग्याची. घिस्सा मारताना सूर सरकत जातो. तो एका ठिकाणी अचानक मोठा झाला तर खोली किंवा सबवूफर तेवढाच सूर उचलतोय. जुन्या नाट्यगीतांच्या ध्वनिमुद्रणावर मात्र ही परीक्षा घेऊ नका, त्यांत खालचा बेस मुळातच फार कमी आहे.

घरी आणल्यावर जागा शोधायला एक तास द्या. नव्या वायरपेक्षा किंवा महागड्या स्टँडपेक्षा या तासाचा उपयोग जास्त होतो. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता त्याच जागी ठेवा. बेस गिटार ठळक असलेलं गाणं लावा आणि जिथे जिथे सबवूफर ठेवता येईल त्या जागांवर गुडघे टेकून, कान सबवूफरच्या उंचीला आणून ऐका: टीव्हीशेजारी, कोपऱ्यात, भिंतीच्या मध्यावर, दाराआड. जिथे सगळे सूर सारख्या जोराचे आणि सुटे ऐकू येतील ती जागा सबवूफरची. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळतो, पण घुमाराही तिथेच सर्वांत जास्त. मागे पोर्ट असेल तर भिंतीपासून सहा इंच तरी सोडा. भांड्यांच्या शोकेसवर किंवा माळ्यावर सबवूफर चढवू नका. मोबाइलमधल्या टोन जनरेटरने ३० ते १०० हर्ट्झ हळूहळू चढवत नेलंत की खिडकीची काच, फोटोची फ्रेम, पंख्याचा कप यांतलं नेमकं कोण थरथरतं ते सापडतं. फ्रेमच्या मागे फेल्टचा तुकडा चिकटवला की झालं.

एव्हीआर असेल तर सबवूफरच्या मागचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर किंवा ‘एलएफई’वर (म्हणजे सबवूफरची स्वतःची गाळणी बंद) ठेवा. तो ८० वर ठेवून एव्हीआरमध्येही ८० ठेवला तर दोनदा गाळलं जातं आणि मध्ये खड्डा पडतो. टॉवर असले तरी मेनूमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करा (म्हणजे त्यांचा खालचा बेस सबवूफरकडे जातो), क्रॉसओव्हर ८० पासून सुरू करा. अगदी छोटे सॅटेलाइट असतील तर १२० लागेल. ‘एलएफई प्लस मेन’ (तोच बेस स्पीकर आणि सबवूफर दोन्हींना देणारी सोय) बंद. ऑटो कॅलिब्रेशनच्या (एव्हीआर माइकने स्वतः माप घेतो त्याच्या) आधी सबवूफरचा व्हॉल्यूम मध्यावर ठेवा. नंतर मेनूत सबवूफरचं ट्रिम (आवाजाची पातळी) उणे १२ सारखं शेवटच्या टोकाला गेलेलं दिसलं तर नॉब खाली आणून पुन्हा माप घ्या. मेनूतलं अंतर प्रत्यक्षापेक्षा चार-सहा फूट जास्त दिसलं तर बदलू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो.

एव्हीआर नाही, साधा स्टिरिओ अँप आहे, तर स्पीकरच्या तारांवरून जोडता येणारा सबवूफर निवडा आणि त्याचाच नॉब ८० च्या आसपास लावा. इथे एक धोका आहे. स्वस्त क्लास डी अँपमध्ये उणे तार म्हणजे ग्राउंड नसते. सबवूफरच्या आत डाव्या-उजव्याच्या उणे तारा एकत्र केलेल्या असतील तर अँप जळू शकतो. दोन्हींची माहितीपत्रकं आधी बघा.

फेज (सबवूफर आणि स्पीकर यांच्या लहरींचा मेळ) ठरवायला ८० हर्ट्झचा टोन लावा, तुम्ही जागेवर बसा आणि दुसऱ्याला ० आणि १८० मध्ये स्विच फिरवायला सांगा. ज्यात आवाज मोठा तो बरोबर. सबवूफरचा चालू-बंदचा स्विच ‘ऑटो’वर ठेवला तर रात्री हळू आवाजात सबवूफर मध्येच झोपतो. ‘ऑन’ ठेवा आणि वापर झाला की भिंतीवरच्या बटणाने बंद करा.

सतत ‘हंऽऽ’ येत असेल तर बहुतेक वेळा तो अर्थिंगच्या फेऱ्याचा ५० हर्ट्झचा आवाज असतो. सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा. आवाज थांबला तर फेरा तिथून येतोय. टीव्ही, एव्हीआर आणि सबवूफर एकाच बोर्डवर घेतल्यानेही बऱ्याचदा थांबतो. थ्री पिनची अर्थची पिन तोडून हम घालवण्याचा सल्ला ऐकू नका, त्यात शॉकने जीव जाऊ शकतो. जुन्या वाड्यात किंवा गावाकडच्या घरात अर्थिंगच नसेल तर सबवूफर जोडायच्या आधी वायरमनला बोलवा. चौरस लहरीच्या इन्व्हर्टरवर लाइट गेल्यावर जी गुणगुण येते ती मात्र इन्व्हर्टरचीच असते, तेवढा वेळ सबवूफर बंद ठेवा. आणि वळवाच्या दिवसांत ढग वाजायला लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही: प्लग उपटा आणि टीव्हीची केबलही काढून ठेवा.