निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर या चुका टाळा, आणि झाल्या असतील तर अशा निस्तरा

साडीच्या रिकाम्या खोक्यात मुदत ठेवीच्या सात पावत्या होत्या. खोकं घेऊन आलेल्या काकू चिंचवडच्या. यजमान गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, आणि ते जाऊन एक महिना. मी बँकेच्या काउंटरवर सव्वीस वर्षं काढली. आता शनिवारी सकाळी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत लोकांचे कागद बघून द्यायला बसते. सातपैकी चार पावत्यांवर एकट्या काकांचं नाव, नॉमिनीच्या जागी नुसती आडवी रेघ. दोनांवर नॉमिनी म्हणून काकांच्या आई, ज्या २००९ सालीच गेल्या. सातव्या पावतीवर काकूंचं नाव होतं, पण माहेरचं. आधार कार्डावर सासरचं.

"पैसे आहेत ना हो?" काकूंनी विचारलं. पैसे होते, एक रुपयाही कुठे गेला नव्हता. पण ते काकूंच्या हाती लागायला अकरा महिने गेले, आणि तेवढे महिने घर मुलीच्या पगारावर चाललं.

तेव्हापासून निवृत्त जोडप्याचा कुठलाही व्यवहार मी एकाच प्रश्नावर तपासते: दोघांपैकी एक उद्या नसलं, तर मागे राहिलेल्याला पुढच्या महिन्याचा किराणा स्वतःच्या सहीने भरता येईल का?

नावाचा घोळ

आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत होती, काही घरांत आजही आहे. त्यामुळे साठीच्या बाईची तीन-तीन नावं कागदोपत्री फिरत असतात: शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, बँकेत "सौ." लावून तिसरं. यजमान हयात असताना कुणाचं काही अडत नाही. अडतं ते नंतर, आणि तेव्हा घरात धावपळ करायची कुणाची मनःस्थिती नसते.

विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर तो आता काढा. पस्तीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचीही नोंदणी होते. नाव पूर्णच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, अर्ज ऑनलाइन करता येतो. मग आधार, पॅन, पासबुक या क्रमाने सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग. फंडाच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या, नोंदीतही.

नॉमिनीचंही तसंच. लग्नाआधी फंडाला आईचं किंवा भावाचं नाव लावलं असेल, तर लग्न झाल्यावर ते नामनिर्देशन नियमानेच रद्द होतं. ते पुन्हा करायचं असतं, हेच कितीतरी जणांना ठाऊक नसतं. बँकेच्या खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, म्हणजे बायको आणि मुलं अशी सगळी नावं बसतात. फक्त एक लक्षात ठेवा: बँकेतल्या पैशाचा नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालक नव्हे. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांची. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. म्हणून नॉमिनी लावून थांबू नका, साध्या कागदावर मृत्युपत्र लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे.

नॉमिनी नसताना माणूस गेलाच असेल, तर घाबरून आधी वकिलाकडे धावू नका. ठरावीक रकमेपर्यंत बँका वारसांच्या हमीपत्रावर पैसे देतात. बँकेचा दाव्याचा अर्ज आणि तिची मर्यादा शाखेत लेखी मागा. रक्कम त्यावर असेल तरच कोर्टाचा वारस दाखला. काकूंच्या चार ठेवींपैकी तीन हमीपत्रावरच सुटल्या. वेळ गेला तो नावाच्या घोळात.

ढिगाकडे बघून केलेला खर्च

चाळीस-पंचेचाळीस लाख खात्यात एकदम दिसले की माणसाला ती रक्कम फार मोठी वाटते. मुलाच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट, स्वयंपाकघराचं नूतनीकरण, लांबच्या भाच्याला हातउसने. हे सगळं पहिल्या सहा महिन्यांत होतं, कारण लोकांनाही माहीत असतं की पैसे आलेत.

त्यात फंडाच्या पेन्शनबद्दल मोठा गैरसमज असतो. कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला वाटतं, निम्मा पगार तरी सुरू राहील. १९९५ च्या पेन्शन योजनेचं सूत्र आहे पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले ७०. जास्त पगाराचा पर्याय घेतलेला नसेल तर पगार १५,००० च धरला जातो, मग प्रत्यक्षात तो साठ हजार का असेना. अठ्ठावीस वर्षांत योजनेनुसार मिळणारी दोन वर्षांची वाढीव भर घातली तर १५,००० गुणिले ३० भागिले ७०, म्हणजे ६,४२८ रुपये. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या नोकरीला ६,५०० ची मर्यादा लागते, म्हणून हातात त्याहून कमीच येतं. आणि पेन्शनर गेल्यावर पत्नीला त्याच्या निम्मं. हा आकडा तुमच्या बायकोला आजच माहीत असायला हवा.

तेव्हा ढीग बघू नका, आधी महिन्याचा पगार पुन्हा उभा करा. समजा फंड, ग्रॅच्युइटी आणि रजेचे मिळून ४६ लाख आले. पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. हे लिहिताना दर ८.२ टक्के आहे, आणि खातं उघडताना जो दर असतो तो पाच वर्षं बदलत नाही. तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, महिन्याचे साडेवीस हजार पडतात. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावे ९ लाख, ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५०. तीन लाख हाताशी, बचत खात्यात आणि लहान मुदतीच्या ठेवीत. राहिलेले चार लाख म्युच्युअल फंडात, सात-आठ वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. हा शेवटचा भाग लोक भीतीने वगळतात, ते मला पटत नाही. महागाई सहा टक्क्यांनी चालली तर आजचा तीस हजारांचा महिना बारा वर्षांत साठ हजारांचा होतो, आणि वरच्या दोन्ही योजनांचं व्याज तेवढंच राहतं. त्या बारा वर्षांच्या शेवटी बहुतेक घरांत बायको एकटी असते.

इथे एक चूक फार महागात पडते. आपल्याकडे पुष्कळ जण ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. साठच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्यायची, तर निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. "बघू, दिवाळीनंतर" म्हणून ती मुदत टळली, तर साठ पूर्ण होईपर्यंत दार बंद. टळलीच असेल तर पैसे साठाव्या वाढदिवसाच्या आसपास संपेल अशा मुदत ठेवीत ठेवा, पाच वर्षांच्या नको. खातं काढताना पत्नी किंवा पतीचं नाव संयुक्त लावा. मागे राहिलेली व्यक्ती योजनेच्या अटींत बसत असेल तर खातं मुदतीपर्यंत तसंच चालू ठेवता येतं.

एका टक्क्यासाठी पतसंस्था

सहकारावर माझा राग नाही. आमच्या घराचं कर्जही एका पतसंस्थेनेच दिलं होतं. पण कर्ज घेणं वेगळं आणि आयुष्याची पुंजी ठेवणं वेगळं. बँक अडचणीत आली तर ठेव विमा महामंडळ दर बँकेमागे दर ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंत देतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. सहकारी बँकांना हा विमा आहे. पतसंस्थेला नाही. दोन्हींच्या पाट्यांवर "सहकारी" असतं, म्हणून फसगत होते.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी होती. ज्यांचं सगळं एकाच ठिकाणी होतं, त्यांची औषधंसुद्धा अडली. पुण्यात रुपी बँकेचे ठेवीदार तर २०१३ पासून वर्षानुवर्षं वाट बघत राहिले.

पतसंस्थेत मोठी ठेव असेल तर मुदत संपताच नूतनीकरण करू नका. आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असेल तर ती आजच लेखी रद्द करा. आणि एका बँकेत पाच लाखांच्या किंचित खालीच थांबा, व्याज धरून.

"एकदाच भरायचं" असं सांगून दिलेली पॉलिसी

खात्यात मोठी रक्कम दिसली की शाखेतून फोन येतो. चहा मिळतो, केबिनमध्ये बसवतात. साठीच्या माणसाला सांगतात की दोन लाख एकदाच भरायचे. पुढच्या वर्षी दोन लाखांच्या हप्त्याचा निरोप आला की कळतं, भरायचे पाच वर्षं. मी त्या खुर्चीच्या पलीकडे बसलेली आहे, विक्रीच्या आकड्यांचा दबाव मी पाहिला आहे. तरी ते चूकच आहे.

पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. कारणाचं पत्र द्या आणि पोच घ्या. मुदत उलटली असेल आणि तुम्हाला खोटं सांगितलं गेलं असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. अर्जात "कुणी, कधी, काय सांगितलं" हे तारखेसह लिहा. फोनवरचे संदेश पुसू नका.

हयातीतच घर मुलाच्या नावावर

महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर काही इतर आकार. स्वस्त पडतं म्हणून लोक करून मोकळे होतात. मुलं वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण परिस्थिती बदलते. मुलगा कर्जात बुडतो, त्याचा घटस्फोट होतो, कधी तोच आधी जातो. जे मृत्युपत्राने होतं ते आज कशाला करायचं?

करायचंच असेल तर बक्षीसपत्रात "आईवडिलांचा तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळ" ही अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अट मोडली तर बक्षीस रद्द करून मागता येतं. अर्ज प्रांत कार्यालयातल्या निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा. आधीच घर देऊन बसला असाल आणि हाल होत असतील, तरी अर्ज करा. शेजारी काय म्हणतील या लाजेपायी वर्षानुवर्षं गप्प बसलेली जोडपी मी पाहिली आहेत.

मेडिक्लेम

कंपनीचा विमा सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. निवृत्तीच्या वर्षभर आधीच स्वतःची पॉलिसी घ्या, कारण जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ते थांबणं नोकरीत असतानाच सुरू झालेलं बरं. राहून गेलं असेल तर शेवटच्या दिवसाआधी कंपनीच्या विमा कंपनीला विचारा, वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. सत्तर ओलांडलेल्यांना आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कवच उत्पन्नाची अट न लावता मिळतं, आधारवर कार्ड निघतं. काकू आता एकाहत्तरच्या आहेत. त्यांचं कार्ड आम्ही गेल्या शनिवारी काढलं, आणि नाव पहिल्या फटक्यात जुळलं.